स्वातंत्र्ययुद्ध आणि उसने आरमार

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची जी हकीकत आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांतून सामान्यतः माहीत असते, ती बहुतेक सगळी जमिनीवरची असते. बोस्टन बंदरात फेकून दिलेला चहा, लेक्झिंग्टन येथील पहिली चकमक, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, ऐन थंडीत नदी उतरून शत्रूवर चालून जाणारा वॉशिंग्टन, आणि शेवटी यॉर्कटाऊन येथे शस्त्रे खाली ठेवणारी इंग्रज फौज, ही चित्रे शाळेच्या पुस्तकांतून मनावर ठसतात व तशीच कायम राहतात. परंतु बंड करणाऱ्या तेरा वसाहती आणि त्यांस दडपू पाहणारे राज्य यांच्यामध्ये एक अफाट महासागर पसरलेला होता. इंग्रजांचे शिपाई, तोफा, दारूगोळा आणि बहुतेक सर्व शिधासामग्री त्या महासागरावरूनच आणावी लागत होती. ही साधी गोष्ट या चित्रांच्या गर्दीत झाकून जाते. जे युद्ध जहाजांवाचून सुरूच ठेवता येत नव्हते, त्याचा निकाल जहाजांचा विचार केल्यावाचून कसा समजणार?

हा विचार ज्याने साकल्याने केला, असा ग्रंथ म्हणजे आल्फ्रेड थेअर महॅन यांचा ‘अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील आरमारांच्या प्रमुख मोहिमा’ हा होय. महॅन (१८४०–१९१४) हे अमेरिकन आरमारातील अधिकारी. इतिहासावर समुद्रसत्तेचा काय परिणाम होतो हे दाखविणारा त्यांचा पहिला मोठा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला, आणि त्याने अनेक देशांच्या मुत्सद्द्यांची झोप उडविली. प्रस्तुत ग्रंथातील मजकूर प्रथम क्लोज यांनी संपादिलेल्या ब्रिटिश आरमाराच्या विस्तृत इतिहासाच्या तिसऱ्या खंडात १८९८ साली आला, व १९१३ साली, म्हणजे ग्रंथकाराच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, तो स्वतंत्र पुस्तकाच्या रूपाने निघाला. स्वामित्वाची मुदत केव्हाच संपल्यामुळे आज तो कोणासही विनामूल्य वाचावयास मिळतो. शंभराहून अधिक वर्षे लोटलेल्या या ग्रंथाचे परीक्षण आज करण्याचे कारण एवढेच की, स्वातंत्र्य आणि समुद्र यांचा संबंध काय, हा त्याचा मूळ प्रश्न जुना झालेला नाही. या प्रश्नाचे ग्रंथकाराने दिलेले उत्तर कोठवर पुरते आणि कोठे अपुरे पडते, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

ग्रंथाचा आरंभ महासागरावर न होता एका गोड्या पाण्याच्या सरोवरावर होतो, ही त्यातील पहिली खुबी. कॅनडा व न्यूयॉर्क यांच्या दरम्यान शँप्लेन नावाचे लांबट सरोवर आहे. त्या काळी या दाट अरण्याच्या प्रदेशात फौजेला जाण्याजोगी वाट ती एवढीच. १७७६ च्या उन्हाळ्यात कॅनडातील इंग्रज सेनापती कार्लटन याच वाटेने दक्षिणेस उतरणार होता. त्यास अडविण्यासाठी बेनेडिक्ट अर्नोल्ड याने सरोवराच्या काठी कच्च्या लाकडाच्या होड्या व लहान गलबते बांधून त्यांवर तोफा चढविल्या. हाच अर्नोल्ड पुढे फितूर झाला व त्याचे नाव अमेरिकेत शिवीसारखे उच्चारले जाऊ लागले. त्याचे हे चिमुकले आरमार पाहून इंग्रजांसही थांबून आपले आरमार बांधावे लागले. सुमारे १८० टनांचे एक जहाज तर त्यांनी क्विबेकजवळ सुटे करून वर आणले व सरोवराच्या काठी २८ दिवसांत पुन्हा उभे केले. ११ ऑक्टोबर रोजी व्हॅल्कूर बेटाजवळ गाठ पडली आणि दोन दिवसांत अर्नोल्डची बहुतेक गलबते नष्ट झाली. इंग्रजांचा निर्भेळ जय झाला; परंतु तोवर हिवाळा दाराशी आला होता, आणि कार्लटन परत फिरला. इंग्रज पुढच्या वर्षी पुन्हा आले तेव्हा सेनापती बर्गॉइन होता, अमेरिकन सावध होते, आणि १७ ऑक्टोबर १७७७ रोजी सॅराटोगा येथे इंग्रज फौज शरण गेली. ती वार्ता पॅरिसला पोहोचल्यावर ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सने अमेरिकेशी तह केला.

अर्नोल्डच्या पंधरासोळा होड्यांपासून फ्रान्सच्या तहापर्यंतची ही साखळी महॅन एकेक कडी दाखवीत ओवतात. आरमाराचे यश किती जहाजे बुडविली यावर मोजावयाचे नसून शत्रूचा किती काळ खाल्ला यावरही मोजावयाचे असते, हे तत्त्व ते व्याख्यानाचा आव न आणता केवळ घटनांच्या क्रमाने पटवितात. आमच्या मते संपूर्ण ग्रंथात हे प्रकरण सर्वांत सरस आहे.

पुढील प्रकरणांतून ग्रंथकाराचा एक विशेष डोळ्यांत भरतो. त्यांची वृत्ती न्यायाधीशाची आहे. प्रत्येक सेनापती त्यांच्यापुढे उभा राहतो. त्या दिवशी वारा कोणत्या बाजूचा होता, भरती केव्हा होती, पाण्याची खोली किती, जहाजे किती, त्यास काय माहीत होते व काय माहीत नव्हते, याची शांतपणे चौकशी होते. आणि मग निवाडा दिला जातो. १७७८ च्या जुलै महिन्यात फ्रेंच सेनापती देस्ताँ बारा मोठी जहाजे घेऊन न्यूयॉर्कच्या तोंडाशी आला, तेव्हा आत इंग्रज लॉर्ड हाउ याच्यापाशी त्याहून पुष्कळच दुबळे आरमार होते. हाउने प्रवेशाच्या अरुंद वाटेवर आपली जहाजे अशा बेताने नांगरली की आत येणाऱ्या प्रत्येक जहाजावर अनेकांचा मारा व्हावा. देस्ताँ अकरा दिवस बाहेर थांबला. वाटाड्यांनी सांगितले की वाळूच्या दांड्यावरून आपली जहाजे जाण्याइतके पाणी नाही. २२ जुलै रोजी वारा व भरती दोन्ही अनुकूल असता तो निघून गेला. महॅन येथे हाउच्या तयारीस पूर्ण गुण देतात व देस्ताँच्या कचरण्याचे माप त्याच्या पदरात घालतात. विशेष हे की ग्रंथकार स्वतः अमेरिकन असूनही अमेरिकेच्या शत्रूची स्तुती करताना त्यांचा हात आखडत नाही. इतिहासलेखनात ही निःपक्षपाती वृत्ती दुर्मिळ आहे. आमच्याकडील ऐतिहासिक वाङ्मयात तर ती अधिकच दुर्मिळ आहे.

यॉर्कटाऊनचे प्रकरण हे ग्रंथाचे शिखर. तेथील हकीकत थोडक्यात अशी. १७८१ साली इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस चेसापीक खाडीच्या काठी यॉर्कटाऊन येथे तळ देऊन बसला होता. समुद्र आपलाच आहे, तेव्हा प्रसंग पडल्यास जहाजे येऊन आपणांस घेऊन जातील, असा त्याचा हिशेब. वेस्ट इंडीज बेटांकडील फ्रेंच सेनापती द ग्रास याने व्यापारी तारवांचा काफिला खोळंबून ठेवला आणि आपली सर्वच्या सर्व अठ्ठावीस मोठी जहाजे व तीन हजारांहून अधिक शिपाई घेऊन ऑगस्टच्या अखेरीस तो खाडीत शिरला. इकडे इंग्रज सेनापती रॉडनी याने त्याच सुमारास आपले आरमार वाटून टाकले, आणि आजारामुळे स्वतः विलायतेस गेला. ५ सप्टेंबर रोजी ग्रेव्हजची एकोणीस व द ग्रासची चोवीस जहाजे खाडीबाहेर लढली. निशाणांच्या इशाऱ्यांत इंग्रजांचा घोटाळा झाला; रांग मोडू नये हा इशारा आणि शत्रूवर तुटून पडावे हा इशारा यांचा मेळ बसेना, आणि मागची जहाजे लढाईस नीट लागलीच नाहीत. त्या दिवशी एकही जहाज बुडाले नाही की पकडले गेले नाही. तरीही अठराव्या शतकातील फार थोड्या लढायांचा परिणाम या लढाईएवढा मोठा झाला. कारण ग्रेव्हज न्यूयॉर्कला परतला आणि खाडी फ्रेंचांच्या ताब्यात राहिली. १९ ऑक्टोबर रोजी कॉर्नवॉलिस सात हजारांहून अधिक माणसांनिशी शरण आला.

येथे आम्हांस ग्रंथकाराच्या थोडे पुढे जावेसे वाटते. महॅन यांचा सिद्धान्त असा की योग्य वेळी योग्य स्थळी अधिक बलवान आरमार उभे करणारा जिंकतो, आणि चेसापीक हा त्याचा उत्तम पुरावा. सिद्धान्त निर्विवाद खरा आहे. परंतु ते आरमार कोणाचे होते? अमेरिकनांचे नव्हे. अमेरिकन काँग्रेसने १७७५ च्या डिसेंबरात तेरा फ्रिगेटी बांधण्याचा ठराव केला होता. त्यांपैकी एकही युद्धाअखेर तिच्या हाती उरली नाही. काही शत्रूने पकडल्या, काही जाळल्या गेल्या, एकीच्या दारूच्या कोठाराचा स्फोट झाला. ज्या आरमाराने अमेरिकेचे स्वातंत्र्य नक्की केले ते एका निरंकुश राजाचे आरमार होते. त्याचा खर्च भागविण्यास हवाना शहरातून स्पॅनिश रोकड आली होती. आणि ते आले तेही मुदतीवर आले: ऑक्टोबरच्या मध्याच्या पलीकडे आपणांस थांबता येणार नाही, असे द ग्रासने आरंभीच कळविले होते. मध्यंतरी खाडी सोडून बाहेर जाण्याचा विचार त्याने दर्शविला तेव्हा वॉशिंग्टनसारख्या मानी पुरुषास त्याचे आर्जव करावे लागले. यॉर्कटाऊन पडल्यावर, आता चार्ल्सटनही घेऊ, असे वॉशिंग्टनने सुचविले, तेव्हा त्यास नकार मिळाला, आणि नोव्हेंबरच्या आरंभी फ्रेंच जहाजे साखरेच्या बेटांकडे निघून गेली.

साखरेच्या बेटांकडे का, याचे उत्तर या युद्धाच्या मर्मात शिरणारे आहे. वेस्ट इंडीजमधील ती लहान लहान बेटे, गुलामांच्या श्रमांवर पिकणाऱ्या उसामुळे, लंडनच्या व पॅरिसच्या हिशेबात तेरा वसाहतींहूनही मोलाची वाटत होती. आरमारे तेथेच राहत. आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तेथे चक्रीवादळांचे भय असल्यामुळेच ती त्या काळात उत्तरेस अमेरिकेच्या किनाऱ्याकडे वळू शकत. १७८० च्या ऑक्टोबरात त्या बेटांवर झालेल्या वादळात हजारो माणसे मेली व अनेक लढाऊ जहाजे बुडाली, यावरून हे भय किती खरे होते ते कळेल. नारळी पौर्णिमेपूर्वी दर्यात होडी न लोटणारे आमचे कोळी बांधव हा हिशेब एका क्षणात समजतील. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची घडी दोन वाऱ्यांच्या व दोन बाजारांच्या मधल्या फटीत बसली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. महॅन ऋतूंचा हिशेब मांडतात, बेटांची किंमतही सांगतात. परंतु उसन्या आरमारावर मिळालेल्या स्वातंत्र्याचा अर्थ काय, हा प्रश्न ते उभा करीत नाहीत. त्यांना सेनापतींच्या गुणदोषांची घाई असते.

या घाईमुळे ग्रंथात जे वैगुण्य आले आहे ते दाखविण्यासाठी आम्ही आमच्याच भाषेतील एक जुना दंडक वापरतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर एक प्रकरण आहे. आरमार हे राज्याचे एक स्वतंत्र अंग होय, असे त्यात मानले आहे, आणि हे मत महॅन यांच्या मताहून पावणेदोनशे वर्षांनी जुने आहे. परंतु अमात्य तेवढ्यावर थांबत नाहीत. जहाजांसाठी लाकूड कोठून आणावे, कोणती झाडे तोडावी, रयतेने लेकरासारखी वाढविलेली आंब्याफणसाची झाडे तिच्या मर्जीविरुद्ध तोडल्यास तिच्या दुःखास पारावार राहत नाही, याचाही विचार त्याच प्रकरणात येतो. आरमाराचा विचार करणाऱ्याने आरमाराचा भार कोणावर पडतो याचाही विचार केला पाहिजे, असा त्याचा भाव आहे.

हा दंडक लावला म्हणजे महॅन यांच्या ग्रंथात जहाजे दिसतात, सेनापती दिसतात, पण खलाशी फारसा दिसत नाही, हे लक्षात येते. इंग्रज आरमाराच्या त्या काळच्या सरकारी हिशेबाप्रमाणे १७७४ पासून १७८० पर्यंत सुमारे १,७६,००० माणसे आरमारात घेतली गेली. त्यांपैकी लढाईत मेली १,२४३. रोगाने मेली १८,५४१. आणि पळून गेली ४२,०६९. या तीन आकड्यांत एक सबंध इतिहास साठविलेला आहे. लढाईत एक मेला तर रोगाने पंधरा मेले. आणि पळून जाणाऱ्यांची संख्या या दोहोंच्या बेरजेच्या दुपटीहून अधिक. रस्त्यांतून व तारवांवरून धरून आणलेल्या माणसांचे हे आरमार होते. १७७९ च्या ऑगस्टात फ्रान्स व स्पेन यांची मिळून सहासष्ट मोठी जहाजे इंग्लिश खाडीत शिरली, तेव्हा इंग्लंडावर स्वारी होणार असे दिसत होते. त्या आरमारास परत लावले ते मुख्यत्वे त्याच्याच पोटातील रोगराईने. न्यूयॉर्कच्या वॉलबाउट आखातात इंग्रजांनी जुन्या जहाजांचे तुरुंग केले होते. त्यांत हजारो अमेरिकन कैदी मरण पावले. अशा गोष्टी महॅन यांच्या योजनेत एक तर ओझरत्या येतात, किंवा येतच नाहीत. प्रमुख मोहिमांचा ग्रंथ असल्यामुळे त्यात सर्व काही येणे शक्य नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु माणसे का मरतात व का पळतात, हे न सांगता मोहिमा का फसल्या हे पुरते सांगता येत नाही. मॅकेसी यांनी १९६४ साली या युद्धाची राज्यकारभाराची बाजू मांडली, आणि रॉजर यांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश आरमाराच्या इतिहासात अन्नपुरवठा, गोद्या व माणसे यांस लढायांच्या बरोबरीचे स्थान दिले. महॅन वाचून झाल्यावर या दोघांकडे वळणारा वाचक युद्धाचे अधिक खरे चित्र घेऊन उठेल.

आता ज्या प्रकरणाशी आमचा संबंध सर्वांत निकटचा, त्या शेवटच्या प्रकरणाकडे वळू. युद्धे पसरत जातात हा ग्रंथाच्या प्रास्ताविकाचा विषय आहे, आणि ग्रंथाचा शेवट हिंदुस्थानाच्या पूर्व किनाऱ्यावर करून महॅन यांनी तो विषय मोठ्या कलात्मकतेने सिद्धीस नेला आहे. बोस्टनच्या पाण्यात पडलेला चहा ज्या कंपनीचा होता, त्याच कंपनीच्या मुलखासमोर या युद्धाच्या शेवटच्या तोफा झडल्या. फ्रेंच सेनापती सुफ्राँ आणि इंग्रज सेनापती एडवर्ड ह्यूज यांच्यात १७८२ च्या फेब्रुवारीपासून १७८३ च्या जूनपर्यंत पाच लढाया झाल्या. सुफ्राँपाशी आरंभी एकही सुरक्षित बंदर नव्हते. डोलकाठ्यांसाठी लाकूड नाही, दोर नाहीत, पैसा नाही, आणि त्याचेच कित्येक कप्तान ऐन वेळी मागे राहणारे. अशा स्थितीत या लठ्ठ, रागीट व अव्यवस्थित पोषाखाच्या पुरुषाने समुद्र सोडला नाही. ऑगस्ट १७८२ मध्ये त्रिंकोमाली घेऊन त्याने बंदर मिळविले. महॅन यांची लेखणी एरवी संयमी असते. सुफ्राँपाशी आल्यावर ती थोडी खुलते, आणि वाचकही तिच्याबरोबर खुलतो.

परंतु या प्रकरणात किनारा हा केवळ किनारा आहे. सुफ्राँ २६ जुलै १७८२ रोजी हैदरअलीस भेटला, कारण जमिनीवर हैदरअलीची फौज नसती तर त्याच्या लढायांस काही हेतूच उरला नसता. आणि हैदरअलीच्या मागे आणखी एक मोठे राजकारण होते, ते पुण्याचे. १७७७ साली सेंट ल्यूबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ चौलास उतरून पुण्यास आला. नाना फडणविसांनी त्याचा सत्कार केला. आणि फ्रेंचांस चौलचे बंदर मिळणार या भयाने मुंबईकर व कलकत्तेकर दोघेही अस्वस्थ झाले. फ्रान्सशी युद्ध जुंपल्याची बातमी १७७८ च्या जुलैत कलकत्त्यास आली व त्याच वर्षी पुद्दुचेरी पडले. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मुंबईच्या इंग्रज फौजेस मराठ्यांपुढे नमते घ्यावे लागले. १७८० साली नानांनी मराठे, निजाम, हैदर व नागपूरकर भोसले यांचा इंग्रजांविरुद्ध संघ उभारला. यावरून कळेल की, अमेरिकन ज्या वर्षी आपल्या स्वातंत्र्यासाठी झगडत होते, त्याच वर्षी त्याच शत्रूशी आमचे पूर्वजही झगडत होते, आणि दोघांच्याही आशेचा एक धागा फ्रेंच आरमारापर्यंत जाऊन पोहोचत होता.

फरक कोठे पडला? १७ मे १७८२ रोजी साल्बाईचा तह ठरला. त्यामुळे मुंबईच्या पाठीवरचा मराठ्यांचा दाब उठला. त्याच वर्षाच्या अखेरीस ईशान्येकडील वाऱ्यांमुळे मद्रासचा उघडा किनारा धोक्याचा झाला, तेव्हा ह्यूजने वादळाने मोडलेली आपली जहाजे मुंबईच्या गोदीत निर्धास्तपणे आणून दुरुस्त केली. सुफ्राँ मात्र सुमात्राच्या टोकाशी अचीन येथे जाऊन राहिला. मुंबईच्या त्या कोरड्या गोद्या सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या देखरेखीखाली उभ्या राहिल्या होत्या. पूर्वेकडील समुद्रातील इंग्रजांचे बळ आमच्याच किनाऱ्यावर, आमच्याच सुतारांच्या हातांनी डागडुजी करून परत जात होते. महॅन यांच्या प्रकरणात ह्यूजचे मुंबईस जाणे हा केवळ मुक्काम आहे. आमच्या दृष्टीने त्या मुक्कामात त्या काळच्या महाराष्ट्राचे सारे दैन्य साठविलेले आहे.

आणखी एक प्रसंग. इंग्लंड व फ्रान्स यांच्या तहाची कलमे २० जानेवारी १७८३ रोजी युरोपात सह्या होऊन ठरली. परंतु २० जून रोजी कडलूरसमोर ह्यूजची अठरा व सुफ्राँची पंधरा जहाजे लढली, आणि तह झाल्याची बातमी त्यांना २९ जून रोजी कळली. ही विलक्षण गोष्ट महॅन सांगतात. अशीच दुसरी गोष्ट आमच्या पश्चिम किनाऱ्यावर घडली. साल्बाईचा तह फेब्रुवारी १७८३ मध्ये पक्का झाला होता. तरी एप्रिल महिन्यात रत्नागिरीच्या बाजूस पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांनी ‘रेंजर’ नावाच्या इंग्रज जहाजास गाठले व घनघोर लढाईनंतर ते घेतले. त्यावर दक्षिणेकडील फौजेस मिळण्यास निघालेले बडे इंग्रज अधिकारी होते. त्यांतील काही पडले, काही जखमी झाले. तह झाल्याचे आपणांस ठाऊक नव्हते, असे धुळपांचे म्हणणे होते. एकाच महायुद्धाच्या शेपटाचे हे दोन फटके. पहिल्यास जगाच्या आरमारी इतिहासात मानाचे पान मिळाले. दुसरा महॅन यांच्या चौकटीबाहेरच राहतो. ज्याचे आरमार लहान त्याचा इतिहासही लहान अक्षरांत छापला जातो.

परंतु या गोष्टीचा दोष एकट्या महॅन यांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. धुळपांचे आरमार लहान का होते, याचे उत्तर विजयदुर्गाच्या पाण्यात आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये तेथे तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, ते वॉटसन व क्लाइव्ह यांच्या तोफांनी. आणि त्या तोफांस पेशव्यांनीच बोलाविले होते. घरातील भांडण मिटविण्यास शेजारच्या जहाजांची मदत घेतली, आणि पंचवीस वर्षांनी तीच जहाजे समोर उभी राहिली तेव्हा अडविण्यास हाती काही उरले नव्हते. डिसेंबर १७८० मध्ये, चिमाजी अप्पांनी मिळविलेली वसई गॉडर्डने घेतली, ही या हिशेबातली एक बाकी होय.

अमेरिकनांनीही आरमार उसनेच घेतले होते. मग त्यांस ते लाभले व इतरांस का लाभत नाही? या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. उसने आरमार तेवढ्याच काळ उपयोगी पडते जेवढा काळ मालकाचा हेतू व आपला हेतू एका वाटेने जातात. अमेरिकनांचे सुदैव हे की चेसापीकमध्ये त्या दोन वाटा काही आठवडे एक झाल्या, आणि शहाणपण हे की त्या आठवड्यांत वॉशिंग्टनची फौज नेमकी तेथे येऊन ठेपली होती. १७७८ साली न्यूपोर्ट येथे व १७७९ साली सव्हाना येथे याच मित्राच्या आरमाराने त्यांची निराशा केली होती, हे विसरता कामा नये. आणि उसनवारीचा हिशेब दोघांसही पुढे चुकवावा लागला. फ्रान्सने या युद्धात सुमारे शंभर कोटी लिव्हर खर्चिले असे मानतात. त्या कर्जाच्या ओझ्याखालीच तेथील राजसत्ता १७८९ च्या क्रांतीपाशी येऊन पोहोचली. अमेरिकेने आपली उरलीसुरली जहाजे १७८५ पर्यंत विकून टाकली, आणि त्याच वर्षी अल्जीयर्सच्या चाच्यांनी तिची दोन व्यापारी जहाजे धरून नेली, तेव्हा तिच्यापाशी पाठविण्यास एकही लढाऊ जहाज नव्हते. स्वतःचे आरमार पुन्हा उभारण्याचा कायदा तिने १७९४ साली केला. फ्रेंचांस बंदर देण्यास नानांनी जी चालढकल केली, ती या प्रकाशात पाहिली म्हणजे केवळ भित्रेपणाची ठरत नाही. बंदर देणे म्हणजे उसन्या आरमारास घरात खोली देणे, हे ओळखण्याइतका तो पुरुष चतुर होता. त्याच्या चतुराईस स्वतःच्या आरमाराची जोड नव्हती, हे दुर्दैव.

ग्रंथाची भाषा भारदस्त आहे, क्वचित जड आहे. एकेक वाक्य चार अटी व तीन अपवाद घेऊन चालते. नकाशा समोर ठेवल्यावाचून वाचू गेल्यास वाचक तिसऱ्या प्रकरणातच वाट चुकेल. परंतु नकाशा व चिकाटी या दोन गोष्टी ज्याच्यापाशी आहेत त्यास हा ग्रंथ पदरचे पुष्कळ देतो. ज्या घरांतून मुलांस इतिहासाची आवड आहे त्या घरांतून तो अवश्य वाचला जावा; शँप्लेन, चेसापीक व सुफ्राँ ही तीन प्रकरणे तरी वडील मंडळींनी मुलांबरोबर बसून वाचावी, आणि वाचताना कोकणच्या किनाऱ्याचा नकाशाही जवळ ठेवावा.

मराठीत आंग्र्यांवर व मराठ्यांच्या आरमारावर लिहिले गेले आहे. परंतु १७७५ ते १७८३ या नऊ वर्षांत अमेरिकेच्या किनाऱ्यापासून कोरोमंडलपर्यंत पसरलेल्या या एकाच युद्धाचा पट मांडून त्यात पुणे, मुंबई, विजयदुर्ग व वसई यांची स्थाने दाखविणारा ग्रंथ कोणी लिहील तर मराठी वाचकावर त्याचे मोठे उपकार होतील. त्या लेखकाने महॅन यांच्याकडून वाऱ्याचा, वेळेचा व स्थळाचा हिशेब घ्यावा, आणि झाडाचा, रयतेचा व खलाशाचा हिशेब अमात्यांकडून घ्यावा, एवढीच आमची सूचना आहे.